जपानमध्ये स्वतःचा धंदा: नवे नियम नेमकं काय मागतात?

परदेशी माणसाला जपानमध्ये स्वतःचा धंदा काढायचा असेल तर पूर्वी ५० लाख येन भांडवल लागायचं. १६ ऑक्टोबर २०२५ पासून ती रक्कम ३ कोटी येन झाली. एका येनचे साधारण ५८ पैसे धरले, तर २९ लाख रुपयांचं काम १ कोटी ७४ लाखांवर गेलं. आकडा मोठा आहे म्हणून चर्चा त्याचीच झाली. पण त्याच दिवशी आणखी चार अटी लागू झाल्या, आणि छोट्या धंदेवाल्याची वाट अडवतात त्या मुख्यतः या चार. ते समजून न घेता अजूनही जुना हिशेब मांडणारे एजंट भेटतात: "तीसेक लाख काढा, हॉटेल टाकून देतो, बायकामुलांसकट जाल." असं ऐकून कुणी शेत विकायला निघाला असेल, तर त्याने आधी हे वाचावं म्हणून एवढं सविस्तर लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगतो. भारतातून थेट जाऊन जपानमध्ये छोटं दुकान किंवा खाणावळ काढण्याचा रस्ता आता जवळजवळ बंद झाला आहे. दुसरा एक रस्ता उघडा आहे. तो लांबचा आहे, पण मराठी मुलामुलींना तो जमण्यासारखा आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

व्हिसा वेगळा आणि निवासदर्जा वेगळा

आपण सरसकट 'व्हिसा' म्हणतो, त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. व्हिसा म्हणजे देशाच्या दारात उभं राहायची परवानगी. आत गेल्यावर तुम्ही कोण म्हणून राहता आणि काय करू शकता, हे ठरतं निवासदर्जावरून. जपानमध्ये विद्यार्थ्याचा दर्जा वेगळा, इंजिनिअरचा वेगळा, स्वयंपाक्याचा वेगळा आणि नोकरदाराच्या जोडीदाराचा वेगळा. ज्याचा जो दर्जा, त्याने तेच काम करायचं.

धंदा चालवणाऱ्यासाठी 'केइएइ-कान्री' नावाचा दर्जा आहे. पुढे त्याला मी 'मालक-दर्जा' म्हणेन. टोकियोत इंजिनिअर म्हणून नोकरी करणारा माणूस एखाद्या कंपनीचे शेअर घेऊ शकतो, त्याला कुणी अडवत नाही. पण तो त्या कंपनीचा संचालक होऊन रोजचा कारभार बघू लागला, तर त्याला आधी दर्जा बदलून घ्यावा लागतो. मालकी असणं आणि कारभार चालवणं यांत जपानी कायदा फरक करतो. पुढचं सगळं या फरकावर उभं आहे.

पाच अटी, आणि त्या सगळ्या एकदम

जुना नियम 'हे किंवा ते' असा होता. ५० लाख येन भांडवल दाखवा, किंवा दोन पूर्णवेळ माणसं कामाला ठेवा. शिवाय धंद्याला स्वतंत्र जागा हवी. बहुतेक लोक पैशाची बाजू निवडायचे, आणि एकट्याने कंपनी सुरू होऊ शकायची.

नव्या नियमात 'किंवा' उरलेला नाही. भांडवल ३ कोटी येन हवं. त्याशिवाय किमान एक पूर्णवेळ कर्मचारी हवा. मालकाला किंवा पूर्णवेळ कर्मचाऱ्यांपैकी एकाला चांगलं जपानी यायला हवं. चांगलं म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-२ पातळीचं (पाच पातळ्यांतली वरून दुसरी). मालकाकडे व्यवस्थापनाचा तीन वर्षांचा अनुभव हवा, किंवा धंद्याशी जुळणाऱ्या विषयातली पदव्युत्तर पदवी. आणि धंद्याचा आराखडा जपानमधल्या परवानाधारक तज्ज्ञाने, म्हणजे सनदी लेखापाल, कर सल्लागार किंवा लघुउद्योग सल्लागाराने, तपासून 'हे चालण्यासारखं आहे' असं लिहून द्यायला हवं.

जागेचा नियमही आवळला आहे. राहत्या घरातच ऑफिस दाखवणं आता सहसा मान्य होत नाही. धंदा दुसऱ्याला चालवायला देऊन मालक नावापुरता राहिला, किंवा वर्षातला बराचसा काळ भारतातच असला, तर दर्जाचं नूतनीकरण अडतं.

३ कोटी येन कुठे जातात?

इथे गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. काहींना वाटतं ही सरकारला भरायची फी आहे. काहींना वाटतं की हे पैसे बँकेत मुदत ठेवीसारखे अडकून पडतात. दोन्ही चूक.

पेरणीच्या आधी शेतकरी घरातली एक रक्कम बाजूला काढतो. बियाणं, खत, मजुरी, पंपाचं वीजबिल सगळं तिच्यातून जातं. पैसा त्याचाच असतो, खर्चही तोच करतो, पण एकदा शेतासाठी काढला की तो पोरीच्या लग्नाला धरता येत नाही. कंपनीचं भांडवल असंच असतं. तुमच्या खिशातून निघून ते कंपनीच्या खिशात जातं. तिथून दुकानाचं भाडं, भट्टी, फ्रीज, पगार यांवर ते रीतसर खर्च करता येतं. वर्षभराने खात्यात ३ कोटी येन शिल्लक हवेत असा नियम नाही. कंपनीच्या नोंदणीत भांडवल ३ कोटी असायला हवं आणि ते खरोखर आलेलं असायला हवं.

भारतातून जाणाऱ्याला एक वेगळाच पेच पडतो. कंपनी नोंदवायची तर भांडवल बँक खात्यात जमा झाल्याचा पुरावा लागतो. जपानमध्ये राहत नसलेल्या परदेशी माणसाला तिथल्या बँकेत खातं मिळणं फार अवघड. खातं हवं तर निवासकार्ड हवं, निवासकार्ड हवं तर दर्जा हवा, दर्जा हवा तर कंपनी हवी. ही गाठ सोडवायला २०१५ मध्ये चार महिन्यांचा मालक-दर्जा आणला गेला: कंपनीची तयारी कागदावर दाखवा, चार महिन्यांसाठी या, खातं उघडा, नोंदणी करा. तरी व्यवहारात बरेच जण जपानमध्ये राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला भागीदार करून त्याच्या खात्यात पैसे मागवतात. रक्कम २९ लाखांची होती तेव्हाही हा धोकाच होता. पावणेदोन कोटी रुपये दुसऱ्याच्या खात्यात टाकायचे असतील तर तो माणूस कोण आहे, लेखी करार काय आहे, आणि पैसे कंपनीच्या खात्यात कधी वळते होणार, हे वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय एक रुपयाही हलवू नये.

"पैसे दाखवू, मग परत काढून घेऊ"

हा उपाय सुचवणारे सगळीकडे असतात. चार दिवसांसाठी उसने आणायचे, खात्यात दाखवायचे, नोंदणी झाली की परत करायचे. जपानमध्ये हा प्रकार इतका ओळखीचा आहे की त्याला 'मिसेगाने' असं नावच आहे, आणि सरकारी नोंदवहीत खोटी नोंद केल्याचा तो गुन्हा ठरू शकतो.

तो पकडलाही जातो. अर्ज तपासणारा अधिकारी नुसती शिल्लक बघत नाही, पैसा आला कुठून हे विचारतो. जमीन विकली असेल तर खरेदीखत आणि बँकेतली जमा. वडिलांनी दिले असतील तर त्यांच्या उत्पन्नाचे कागद आणि दिल्याचं लेखी. बचत असेल तर काही वर्षांचे पगार आणि खातेउतारे. पुढे नूतनीकरणाच्या वेळी कंपनीचा ताळेबंद द्यावा लागतो, आणि गेलेल्या भांडवलाच्या जागी काय आलं ते त्यात दिसतं.

एक माणूस कामाला ठेवायचा, तो कोण चालेल?

मला सगळ्यांत जड वाटते ती ही अट. वाचताना सोपी वाटते. एकच तर माणूस हवा! पण तो माणूस जपानी नागरिक हवा, किंवा जपानमध्ये कायमचा निवास मिळालेला, किंवा अशा माणसांचा जोडीदार, किंवा दीर्घकालीन निवासी. थोडक्यात, ज्याच्यावर कामाचं कुठलंही बंधन नाही असा.

आता भारतीय उपाहारगृहाचं चित्र डोळ्यांपुढे आणा. तंदूरवर बसणारा खानसामा भारतातून किंवा नेपाळमधून आणलेला असतो. त्याचा दर्जा कुशल कारागिराचा. तो मिळायला स्वयंपाकाचा दहा वर्षांचा अनुभव सिद्ध करावा लागतो. तो दिवसभर राबतो, पगार घेतो, पण या अटीत त्याची गणती होत नाही. बायको 'कुटुंबीय' म्हणून आलेली असेल तर तीही नाही. वेगळी परवानगी घेऊन ती आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करू शकते, एवढंच. भाऊ विद्यार्थी असेल तर तोही नाही. म्हणजे घरच्या घरी, आपल्याच माणसांच्या जिवावर चालणारा धंदा ही जी आपली रीत आहे, ती या नियमात बसत नाही. कुटुंबाबाहेरचा, त्या देशात मुळं रोवलेला एक माणूस हवाच.

त्याचा खर्च मांडून बघू. टोकियोत किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १,२२६ येन आहे. आठवड्याला ४० तास धरले तर महिन्याला साधारण २ लाख १२ हजार येन होतात. आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतन यांतला मालकाचा वाटा पगाराच्या सुमारे १५ टक्के. एकूण २ लाख ४५ हजारांच्या आसपास. नान-करीचं दुपारचं ताट १,००० येनला विकलं असं धरलं, तर या एका माणसाच्या पगारापोटी महिन्याला जवळजवळ अडीचशे ताटं जायला हवीत. त्यात पिठाचा, गॅसचा आणि भाड्याचा पैसा अजून धरलेला नाही. आणि किमान वेतनात चांगलं काम करणारा माणूस टोकियोत मिळेल, या भरवशावरही कुणी राहू नये.

मोठ्या भांडवलाबरोबर येणारे कर

भांडवल वाढलं की कंपनीची करातली जागाही बदलते. हे एजंटच्या पत्रकात सापडत नाही.

जपानमध्ये विक्रीवर १० टक्के उपभोग कर आहे, आपल्या जीएसटीसारखा. १ कोटी येनपेक्षा कमी भांडवलाच्या नव्या कंपनीला पहिली दोन वर्षं सहसा या करातून सूट मिळते. ५० लाख येनच्या जुन्या कंपन्यांना हा मोठा आधार होता, कारण दुकान बसेपर्यंत तेवढी मोकळीक मिळायची. भांडवल ३ कोटी असलं की सूट नाही. पहिल्या दिवसापासून हिशेब ठेवायचा आणि कर भरायचा.

शिवाय दर कंपनीला स्थानिक करातली एक ठरावीक रक्कम दर वर्षी द्यावी लागते. नफा झाला नाही तरी ती चुकत नाही. टोकियोच्या वॉर्डांत १ कोटी येनपर्यंत भांडवल असलेल्या छोट्या कंपनीला ती ७० हजार येन पडते. त्याच्या वरच्या पायरीला १ लाख ८० हजार. नोंदणीचा करही भांडवलाच्या ०.७ टक्के, म्हणजे ३ कोटींवर २ लाख १० हजार येन.

कंपनी असली की आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतन योजनेत नाव घालणं सक्तीचं. पगार घेणारा एकटा मालकच असला तरी. निवृत्तिवेतनाचा दर पगाराच्या १८.३ टक्के, आरोग्य विम्याचा १० टक्क्यांच्या आसपास; निम्मं कंपनीने द्यायचं, निम्मं पगारातून कापायचं. मालकाच्या बाबतीत दोन्ही खिसे शेवटी त्याचेच. हे हप्ते चुकवून काही लोक दिवस ढकलायचे. आता नूतनीकरणाच्या वेळी कर आणि विम्याच्या भरण्याचे कागद तपासले जातात.

आणि जागा. दर्जासाठी अर्ज करताना दुकान भाड्याने घेतलेलं असावं लागतं. तिथे घरमालक काही महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागतात, हमीदार कंपनीचं शुल्क वेगळं. अर्जाचा निकाल यायला महिने लागतात. तोवर बंद दुकानाचं भाडं चालू. आधीच्या उपाहारगृहाचं स्वयंपाकघर, टेबलं, पंखे यांसकट जागा घ्यायची पद्धत तिथे आहे, तिला 'इनुकी' म्हणतात. तिने सुरुवातीचा खर्च बराच वाचतो. पण अर्ज नामंजूर झाला तर अनामतीतला किती भाग परत मिळेल, हे कराराच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि ती अक्षरं जपानीत असतात.

भारतातून पैसे बाहेर काढताना

आपल्याकडच्या नियमांनुसार भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकते. ३ कोटी येन साधारण दोन लाख डॉलरच्या घरात जातात, म्हणजे मर्यादेत बसतात. अडचण पुढे आहे. वर्षाला १० लाख रुपयांपलीकडे गुंतवणुकीसाठी पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ गोळा करते. १ कोटी ७४ लाखांतून १० लाख वजा केले, उरलेल्या १ कोटी ६४ लाखांवर २० टक्के म्हणजे ३२ लाख ८० हजार रुपये.

हे पैसे बुडत नाहीत. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना ते तुमच्या कराच्या देण्यातून वळते होतात, जास्तीचे परत मिळतात. पण मधले काही महिने ते हातात नसतात. गावाकडची शेतजमीन विकून जाणाऱ्याचं करपात्र उत्पन्न कमी असतं, म्हणून त्याची जवळजवळ सगळी रक्कम परताव्याच्या रांगेत उभी राहते. म्हणजे हाताशी पावणेदोन कोटी नव्हे, दोन कोटींच्या वर लागतात. आणि परदेशात भांडवल म्हणून पाठवण्यासाठी बँकेला कर्ज देता येत नाही, त्यामुळे पैसा स्वतःचाच हवा. परदेशी कंपनीत असं भांडवल घालणं हा रिझर्व्ह बँकेच्या नियमांत नोंदवावा लागणारा व्यवहार आहे. तो बँकेमार्फत रीतसर करावा, हातउसन्या वाटांनी नव्हे.

जपानने हे का केलं, आणि ते बरोबर आहे का?

२०२४ च्या अखेरीस मालक-दर्जावर सुमारे ४१,६०० परदेशी लोक जपानमध्ये होते, त्यांत निम्म्याहून अधिक चिनी. सरकारची तक्रार अशी की बऱ्याच कंपन्या कागदावरच आहेत. धंदा नाही, कर नाही, फक्त राहायला मिळावं म्हणून ५० लाख येन दाखवलेले. ओसाकात पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घरांच्या नावावर अशा कंपन्या उभ्या राहिल्याच्या बातम्या गाजल्या. जुलै २०२५ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत परदेशी लोकांचा प्रश्न ऐरणीवर आला, आणि काही महिन्यांत नियम बदलले.

तक्रार खोटी नाही. भाषेची अट मला योग्य वाटते. जिथे धंदा करायचा तिथल्या आरोग्य केंद्राचं पत्र, करखात्याची नोटीस, गिऱ्हाइकाची तक्रार वाचता येत नसेल, तर मालक दुसऱ्याच्या हातातलं बाहुलं होतो. आराखडा तज्ज्ञाने तपासण्यातही मालकाचंच हित आहे.

भांडवलाचा आकडा मात्र मला अन्यायाचा वाटतो. आधीपासून या दर्जावर असलेल्यांपैकी ३ कोटी भांडवल असलेले जेमतेम ४ टक्के आहेत, हे जपान सरकारच्याच माहितीतून पुढे आलं. जी अट ९६ टक्के लोक पुरी करत नाहीत, ती फसवणाऱ्याला गाळते तशी राबणाऱ्यालाही गाळते. जपानमधली कितीतरी 'इंडियन' उपाहारगृहं नेपाळी मालक चालवतात. त्यांतले अनेक स्वतः खानसामे म्हणून आले, वर्षानुवर्षं तंदूरपुढे उभे राहिले, पैसे साठवले आणि मग मालक झाले. त्यांचं भांडवल कमी आहे म्हणून त्यांचा धंदा खोटा ठरत नाही. ए. एम. नायर हे भारताच्या स्वातंत्र्यलढ्यात जपानमधून काम करणारे गृहस्थ. त्यांनी १९४९ मध्ये टोकियोच्या गिन्झा भागात छोटं उपाहारगृह काढलं, आणि त्यांच्या नावाचं ते हॉटेल आजही करी वाढतं. छोट्याने सुरू होऊन टिकलेली अशी दुकानं त्या शहराच्या चवीचा भाग झाली आहेत.

"स्टार्टअप व्हिसा आहे ना?"

आहे. फुकुओका शहराने २०१५ मध्ये याची सुरुवात केली, पुढे इतर शहरंही त्यात आली. शहराने तुमची कल्पना मान्य केली तर कंपनीची तयारी करायला दोन वर्षांपर्यंत राहता येतं, भांडवल आणि कर्मचारी नंतर दाखवायचे. पण 'नंतर' म्हणजे तेच ३ कोटी आणि तोच कर्मचारी. गुंतवणूकदार मिळू शकेल अशा तंत्रज्ञानाच्या धंद्याला ही सवड उपयोगी आहे. मिसळीच्या दुकानाला दोन वर्षांत तेवढं भांडवल कोण देणार?

जे आधीच तिथे आहेत त्यांचं काय?

त्यांना १६ ऑक्टोबर २०२८ पर्यंत सवड आहे. तोवर नूतनीकरण करताना नव्या अटी पुऱ्या नसल्या तरी धंद्याची स्थिती, कर भरल्याचे पुरावे आणि पुढे अटी पुऱ्या होण्याची शक्यता बघून निर्णय होतो. त्या तारखेनंतर अटी लागू, तरी धंदा चांगला चाललेला आणि कर-विमा नीट भरलेला असेल तर विचार केला जाईल असं सांगितलेलं आहे. मात्र नव्या अटींत न बसणाऱ्या मालकाला या दर्जावरून कायमचा निवास मागता येणार नाही. घर घेतलेल्या, मुलं जपानी शाळेत घातलेल्या कुटुंबांना सगळ्यांत लागणारी गोष्ट हीच आहे.

लांबचा रस्ता

ज्याला कायमचा निवास मिळाला, त्याच्यावर कामाचं बंधन उरत नाही. तो नोकरी करो, दुकान टाको किंवा दोन्ही करो. ३ कोटींची अट त्याला नाही, कर्मचाऱ्याचीही नाही. ३ लाख येनमध्ये छोटं ऑनलाइन दुकान काढलं तरी कुणी विचारणार नाही. जपानी नागरिकाच्या किंवा कायम निवासीच्या जोडीदारालाही हीच मोकळीक आहे.

म्हणून क्रम उलटा करावा: आधी नोकरी, मग निवास, मग धंदा. कायमच्या निवासासाठी साधारणपणे दहा वर्षं राहावं लागतं, त्यांतली पाच कामाच्या दर्जावर. शिक्षण, पगार, वय, भाषा यांचे गुण मोजणारी एक पद्धत आहे. तिच्यात ७० गुण भरले तर तीन वर्षांत आणि ८० भरले तर एका वर्षात अर्ज करता येतो. तरुण, चांगल्या पगाराच्या इंजिनिअरला ७० गुण अशक्य नाहीत. एन-१ किंवा एन-२ झालेलं असेल तर त्याचेही गुण मिळतात.

टोकियोतल्या निशिकसाई भागात भारतीय वस्ती वाढली ती अशा नोकरदारांमुळे. २००० च्या सुमारास संगणकातल्या तारखांच्या घोळाने बँकांना माणसं हवी होती, तेव्हा भारतातले इंजिनिअर तिथे गेले. मागोमाग किराणा, उपाहारगृहं, शाळा आल्या. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिकही आधी नोकरीत होते, मग जपानी नागरिक झाले, आणि २०१९ मध्ये त्याच भागातून एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले.

या रस्त्याची तयारी घरबसल्या सुरू करता येते. जपानी भाषेची परीक्षा पुण्यात आणि मुंबईत होते. पुण्याला जपानी शिकवण्याची जुनी परंपरा आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ती वर्षानुवर्षं शिकवली जाते. शून्यापासून एन-२ पर्यंत जायला नोकरी सांभाळून काही वर्षं लागतात. त्या वर्षांचा खर्च पावणेदोन कोटींपुढे काहीच नाही. भाषा आलेल्याला नोकरी मिळते, नोकरीतून धंद्याची माणसं कळतात. कोणत्या गल्लीत दुपारी गिऱ्हाईक असतं आणि कोणत्या गल्लीत नसतं, हेही त्याला भाडं भरण्याआधी समजतं. तेव्हाही कर आणि विम्याचे हप्ते वेळेवर भरायचेच, कारण मुद्दाम कर बुडवणाऱ्याचा कायमचा निवास काढून घेता येईल असा कायदा जपानने २०२४ मध्ये केला आहे.

एजंटला काय विचाराल?

एवढं वाचूनही कुणाकडे खरोखर भांडवल असेल, धंदा मोठा असेल, आणि थेटच जायचं असेल, तर तेही शक्य आहे. मग समोरच्या माणसाला हे विचारा. पूर्णवेळ कर्मचारी कोण असणार आणि त्याचा निवासदर्जा कोणता? एन-२ कुणाकडे आहे? आराखडा कोणता तज्ज्ञ तपासणार? पैसे आधी कुणाच्या खात्यात जाणार? दुकानाचं भाडं निकाल येईपर्यंत कोण भरणार, आणि नकार आला तर अनामतीचं काय? 'ते आमच्यावर सोडा' हे यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर होत नाही.

आणि एक नाव विचारून घ्या: अर्ज कोण तयार करणार? जपानमध्ये सरकारी अर्ज मोबदला घेऊन तयार करण्याचा अधिकार परवानाधारक व्यावसायिकांनाच आहे. निवासदर्जाचं हे काम मुख्यतः 'ग्योसेइशोशी' करतात. सल्लागार शुल्क, सेवा शुल्क अशा कुठल्याही नावाने पैसे घेऊन इतरांनी हे कागद करू नयेत, हे जानेवारी २०२६ पासून कायद्यात आणखी स्पष्ट केलं आहे. प्रत्येक ग्योसेइशोशीला नोंदणी क्रमांक असतो, आणि त्यांच्या संघटनेच्या यादीत तो शोधता येतो. एजंट तो क्रमांक देत नसेल, तर त्याला पैसे देऊ नका.